बाजूला न काढलेल्या पुंगळ्या

कॅनडाच्या सीमेजवळच्या आमच्या केलिन गावात कुणाच्या घरी काय शिजतंय हे घरच्यांच्या आधी शेजाऱ्यांना कळतं. पण व्हर्ना स्कोगेन एक्केचाळीस वर्षं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून नेमकं काय करत होती, हे तिच्या नवऱ्यालासुद्धा ठाऊक नव्हतं. तिला स्वतःलाही ते धड ठाऊक नव्हतं, आणि खरं दुखणं तेच आहे.

वरवर पाहिलं तर काम अगदी किरकोळ. बंदुकीतून गोळी उडाली की मागे पितळेची रिकामी पुंगळी राहते. शहरातली माणसं ती टाकून देतात, आम्ही देत नाही. आमच्याकडे दुकान लांब आणि थंडी जवळ. पुंगळी धुवायची, साच्यात दाबून पुन्हा मूळ आकाराला आणायची, बंदुकीची नवी दारू भरायची, वर नवी गोळी बसवायची, की झालं काडतूस तयार. फक्त एक भानगड असते. प्रत्येक बार उडाल्यावर पुंगळी तोंडाकडून केसभर लांबते. ती लांबी कापली नाही तर पुढच्या खेपेला ती बंदुकीत घट्ट अडकते आणि दाब भलत्याच थराला जातो. म्हणून कापायची.

स्कोगेनांच्या घरात या धंद्याची वाटणी लग्नाच्या पहिल्याच हिवाळ्यात झाली. दारू तोलणं, गोळी बसवणं, वहीत नोंदी करणं, चार लोकांत त्याबद्दल बोलणं हे सगळं आर्विडकडे, तळघरात. कापणं व्हर्नाकडे, कारण ते कंटाळवाणं होतं. टेबलाच्या कडेला एक छोटं हाताचं यंत्र घट्ट आवळलेलं असायचं. पुंगळीचं बूड त्याच्या चिमट्यात धरायचं, दांडा फिरवायचा, तोंडाशी पितळेचा बारीक भुगा पडायचा. दुपारची भांडी आवरली की ती तिथे बसायची. सोल्वेग पोटात असताना, सासऱ्यांच्या आजारपणात, गहू गारपिटीत गेला त्या साली, चर्चच्या जेवणावळींच्या आदल्या दिवशी, ती दांडा फिरवतच होती.

तिचे सासरे नील्स. सीमेपलीकडून कॅनडातून आलेली त्यांची जुनी लष्करी रायफल अजून घरात आहे. तशी रायफल आमच्या भागात घरटी एक सापडेल. लाकूड काळवंडलेलं, बांधा राकट, आणि आतली पोकळी जरा सैल. त्या सैलपणामुळे पुंगळ्या इतर बंदुकांपेक्षा जास्त ताणल्या जातात. पहिल्याच वर्षी म्हातारा तिच्याजवळ येऊन उभा राहिला, तिचं काम थोडा वेळ बघितलं आणि एवढंच बोलला, "जी पुंगळी जास्त देते ना सूनबाई, तिच्याकडे पुन्हा मागू नये. बाजूला काढ."

व्हर्ना तेव्हा बावीस वर्षांची होती. का, हे तिने विचारलं नाही. आमच्याकडे सासऱ्याला का म्हणून विचारायची पद्धत नव्हती, आणि नील्सला उत्तर द्यायची सवय नव्हती. पण हाताने ते ऐकलं. बहुतेक पुंगळ्या दांड्याच्या तीन-चार फेऱ्यांत मोकळ्या व्हायच्या. एखादी मात्र सात-आठ फेऱ्या भुगा देतच राहायची. अशी लागली की व्हर्ना ती कॉफीच्या रिकाम्या डब्यात टाकायची. आर्विड वर्षातून एकदा तो डबा भंगारात देताना कुरकुर करायचा. चांगलं झकास पितळ फेकते म्हणायचा. "थकलीय ती," व्हर्ना सांगायची. आर्विड हसायचा. बायकांना भांड्यांचीही दया येते, असं त्याने दोन-तीनदा लोकांत सांगून हशाही मिळवला होता.

पुंगळी लांबते म्हणजे काय होतं, हे खरं तर व्हर्नाच्या स्वयंपाकघरातच रोज दिसत होतं. नाताळात लेफ्से, म्हणजे बटाट्याच्या पोळ्या, लाटताना पोळीची कड पोळपाटाबाहेर जाते, तेव्हा मध्ये कुठे तरी ती पातळ होतेच. पितळेचंही तसंच. तोंडाशी जे वाढतं ते बुडाजवळच्या भिंतीतून येतं. बाहेरून काही दिसत नाही. आतून भिंत झिजत जाते आणि एक दिवस पुंगळी बुडाजवळ फाटते. मग तो सगळा जाळ मागे, बंदूक गालाशी धरलेल्या माणसाच्या तोंडाकडे येऊ पाहतो. हे सगळं आर्विडला पुस्तकातून माहीत होतं. ते आपल्या घरात कोण थांबवतंय, एवढंच माहीत नव्हतं.

आर्विड स्कोगेनच्या काडतुसांचं नाव मोठं होतं. शिकाऱ्यांमध्ये एक जुना दंडक आहे, दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालू नये. सख्ख्या भावाने भरलेलं असलं तरी नाही. केलिनमध्ये या दंडकाला एकच अपवाद होता, आणि तो म्हणजे स्कोगेन. एक्केचाळीस वर्षांत एकही फुटलं नाही, असं आर्विड सांगायचा. दारू तोलायचा आपला काटा कसा एका कणाने हलत नाही, हेही पुढे सांगायचा. लोक माना डोलवायचे. काटा चांगला होता, खोटं कशाला बोला. पण काट्याने पुंगळ्या वाचत नव्हत्या.

गेल्या उन्हाळ्यात व्हर्नाच्या अंगठ्यांनी दावा सांगितला. सांधे सुजले. सकाळी कॉफीचा कप दोन्ही तळव्यांत धरून उचलावा लागायचा. डॉक्टरीणबाईंनी दांडा फिरवणं बंद करायला सांगितलं. आर्विडला वाईट वाटलं, आणि ते त्याने त्याच्या पद्धतीने दाखवलं. आठवडाभर कॅटलॉग चाळले, मग सप्टेंबरातल्या एका शनिवारी तिला गाडीत घालून डेल्मरच्या दुकानात नेलं. विजेवर चालणारं यंत्र घ्यायचं ठरलं होतं. कुठलं ते तिने ठरवायचं होतं. इतक्या वर्षांत या धंद्यातली एखादी गोष्ट तिने ठरवावी असं आर्विडला पहिल्यांदाच वाटलं, हेही नमूद करायला हवं.

डेल्मर म्हणजे खिळ्यांपासून बी-बियाण्यांपर्यंत सगळं विकणारा माणूस. बोलतो कमी, ऐकतो जास्त. दुकानदारीत हे बसत नाही, तरी त्याचं दुकान चालतं. त्याने गल्ल्यावर तीन यंत्रं मांडली. पहिलं म्हणजे तिच्याच जुन्या यंत्राला दांड्याच्या जागी विजेचा स्क्रू-ड्रायव्हर जोडायचा. ते हळू चालतं, पुंगळी एकेक करून चिमट्यात धरावी लागते. दुसरं एक बसकं, डब्यासारखं. पुंगळी बोटांत धरून त्याच्या भोकात ढकलायची, आतली मोटर लांबी कापते, कडाही साफ करते, आणि ठरलेल्या मापाला आपोआप थांबते. तिसरं भलं मोठं, पाच-सहा फिरती तोंडं असलेलं. आर्विडची नजर त्यावरच खिळली होती.

व्हर्नाने तिन्ही हाताळून पाहिली. पहिल्याचा चिमटा आवळताना अंगठ्यात कळ गेली. तिसऱ्याचा आवाज तिला सहन होईना. दुसऱ्यात तिने पुंगळी ढकलली, घर्रर्र झालं, थांबलं. दोन सेकंद. हात दुखला नाही. तिने आणखी एक ढकलली, मग आणखी एक, आणि तिचा चेहरा असा खुलला की आर्विडने तिसऱ्या यंत्रावरचा हक्क तिथेच सोडला.

"हेच," ती म्हणाली.

डेल्मरने खोकं बांधता बांधता सहज विचारलं की तुमच्या पुंगळ्या किती-किती वेळा कापून झाल्यात, त्याचा हिशेब आहे ना. या यंत्रात काही कळत नाही, म्हणून प्रत्येक खेपेची चिठ्ठी डब्यात ठेवावी, चार-पाच वेळा कापून झाल्या की सगळा लॉट मोडीत काढावा, असंही म्हणाला.

आर्विड हसला. "अरे डेल्मर, हिशेब कसला ठेवायचा? एक्केचाळीस वर्षं झाली, एक तरी फुटली का? माप पक्कं असलं की पुंगळी काय, शंभर वर्षं जाते."

डेल्मरने व्हर्नाकडे पाहिलं. तिला वाटलं, आपण काही तरी बोलायला हवं. पण नेमकं काय, ते जिभेवर येईना. हातातलं ज्ञान तोंडात यायला शब्द लागतात, आणि ते शब्द तिला कुणी दिले नव्हते. शिवाय अंगठे दुखत नव्हते, आणि कितीतरी महिन्यांनी ती खुशीत होती. तिने पर्स उघडून गाडीच्या किल्ल्या शोधल्या. डेल्मरने खोकं दोरीने बांधलं आणि जाता जाता स्वतःसाठीही वीस काडतुसं सांगून ठेवली.

जुनं यंत्र तळघरात गेलं. जे काम महिनाभराच्या दुपारी खायचं, ते दोन दुपारींत उरकलं. दोनशे सत्तर पुंगळ्या. घर्रर्र, थांब. घर्रर्र, थांब. एखादी जास्त कापली जात होती की कमी, ते आवाजातून कळत नव्हतं. भुगा सगळा एकाच खणात पडत होता. आर्विडने मापपट्टी लावून पाहिली तर सगळ्या अगदी तंतोतंत, जुळ्या बहिणींसारख्या. तो खूश झाला. व्हर्नालाही समाधान वाटलं, पण त्यात कुठे तरी खडा लागत होता. दुसऱ्या संध्याकाळी भांडी पुसताना तिच्या ध्यानात आलं की कॉफीचा डबा तिने फडताळातून काढलाच नव्हता. तिने मनाशी म्हटलं, यंदा पितळ चांगलं निघालं. माणूस स्वतःशी जे बोलतो, त्यातलं निम्मं स्वतःला गप्प बसवण्यासाठीच असतं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी शिकारीचा हंगाम उघडला. त्यांची मुलगी सोल्वेग आदल्या दिवशीच दक्षिणेकडच्या डोंगरांत गेली. सोल्वेग एकोणचाळीसची, जिल्ह्याच्या रस्त्यांवरचा बर्फ काढायचं अवजड वाहन चालवते, आणि एल्क सांबराच्या मागे एकटीच जाते. आजोबांची रायफल तिच्याकडेच आली होती. तिने आईने कापलेली, बापाने भरलेली चाळीस काडतुसं घेतली, लेफ्सेचा डबा घेतला, मंगळवारी येते म्हणाली. त्या डोंगरांत फोन लागत नाही. कधीच लागला नाही.

रविवारी चर्च सुटल्यावर डेल्मर दारात आला. त्याने टोपी काढली नव्हती, म्हणून व्हर्नाने निरखून पाहिलं. उजव्या भुवईचे केस जळलेले, डोळा लालभडक, गालावर बारीक काळे ठिपके.

तो आत येऊन टेबलाशी बसला. खिशातून एक पुडी काढली. पुडीत पुंगळी होती, पण पाऊणही नाही, अर्धीही नाही. फक्त बुडाची चकती. नाण्याएवढी.

"बाकीची आत अडकून बसलीय," तो म्हणाला. "काल खाणीपाशी नेम तपासत होतो. तुमच्या काडतुसांचे अकरा बार नीट गेले. बाराव्याला हे."

आर्विडने चकती उचलली, उजेडात धरली, खाली ठेवली. मग पुन्हा उचलली. तो म्हणाला की पितळच नासकं असणार, हल्ली कारखान्यांत कोण लक्ष देतं. डेल्मरने त्यावर वाद घातला नाही. चष्मा होता म्हणून डोळा राहिला, एवढंच त्याने सांगितलं. आर्विडने आपण दारू नीटच तोलली होती, असं दोनदा सांगितलं. वहीसुद्धा आणून दाखवली. वहीत सगळं बरोबर होतं.

व्हर्नाने चकती हातात घेतली. जिथून ती तुटली होती तिथली भिंत कागदासारखी पातळ झाली होती, आणि कडेने एक चकाकती रेघ गेली होती. तिने अंगठ्याने ती रेघ चाचपली. मग डेल्मरकडे बाकीच्या अकरा मागितल्या.

त्याने त्या आणल्याच होत्या. माणूस कमी बोलतो तो असा.

तिने केसातली एक पिन काढली, सरळ केली, टोकाला किंचित वाकवलं आणि पुंगळीच्या तोंडातून आत घातली. पिन भिंतीला टेकवून बुडाकडून हळूहळू वर ओढत आणली. पहिलीत पिन सरळ आली. दुसरीत सरळ आली. तिसरीत बुडाजवळ ती एका खोबणीत अडखळली, जसा लाकडी फळीच्या फटीत सुईचा शेंडा अडखळतो.  अकरांपैकी चारांत पिन अडखळली. त्या चार तिने वेगळ्या ठेवल्या.

मग तिने पिन आर्विडच्या हातात दिली. त्याने त्या चार स्वतः चाचपल्या. पहिलीवर बराच वेळ लावला, दुसरीवर कमी, उरलेल्या दोन त्याने नुसत्या हातात धरल्या.

"यातल्या तू बाजूला काढल्या असत्यास?" त्याने विचारलं.

"हो," ती म्हणाली. "जास्त फेऱ्या लागल्या असत्या. हाताला कळायचं."

"आणि मला हे कधी सांगितलं नाहीस."

"सांगत होते की. थकलीय म्हणायचे. तू हसायचास."

आर्विडने त्या चारही पुंगळ्या टेबलावर ओळीने मांडल्या.  तिला नवऱ्याचा राग आला आणि लगेच त्याहून जास्त स्वतःचा आला, कारण यंत्र तिने निवडलं होतं. कुणी तिच्या गळ्यात बांधलं नव्हतं. डेल्मरने विचारलं तेव्हा ती उत्तर द्यायचं सोडून पर्समध्ये किल्ल्या शोधत राहिली होती. भरलेल्या काडतुसांत पिन घालता येत नाही. सोल्वेगकडच्या चाळीसातली कुठली फाटणार ते बाहेरून आता कुणालाच, अगदी तिलासुद्धा, सांगता येणार नव्हतं. यंत्राने सगळ्या सारख्या करून टाकल्या होत्या.

डेल्मरने हळूच पुन्हा चष्म्याचं नाव काढलं. सोल्वेग चष्मा लावत नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं. आर्विड उठला आणि टोपी घातली.

नव्वद मैल. पहिले साठ डांबरी, पुढचे तीस चिकणमातीचे. शनिवारी रात्री भुरभुर बर्फ पडला होता आणि तो वितळून मातीचा नुसता लगदा झाला होता. ही माती चाकाला अशी धरते की उतरून काठीने खरवडावी लागते. दोनदा उतरावं लागलं. गाडी व्हर्ना चालवत होती, किल्ल्या आर्विडनेच तिच्या हातात दिल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने शेजारच्या सीटवर बसून तिला रस्ता सांगितला नाही. वाटेत एकदा तो म्हणाला की सोल्वेग एका गोळीत काम करते, तिला फार बार काढावे लागत नाहीत. व्हर्ना म्हणाली, फुटायला एकच लागतो.  कुंपणाच्या तारांवर बसलेले कावळे गाडी जवळ आली तरी उडत नव्हते. तिला ते दिसलं, आणि दिसलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

चार वाजून गेले तेव्हा ते तळावर पोचले. सोल्वेगची गाडी होती. तंबू होता. शेकोटीची राख गार होती. व्हर्नाने हाक मारली. आवाज समोरच्या कड्यावर जाऊन परत आला, पण उत्तर आलं नाही. तिने पुन्हा मारली. आर्विड तंबूत डोकावून आला आणि मान हलवली. व्हर्ना गाडीच्या बंपरवर बसली आणि मुलीचं नाव मोठमोठ्याने घ्यायचं सोडून मनात घ्यायला लागली.

वीसेक मिनिटांनी सोल्वेग ओढ्याच्या बाजूने वर आली. धडधाकट. कोपरापर्यंत रक्ताने माखलेली, पण ते रक्त सांबराचं होतं. सकाळीच पाडलं होतं, एका गोळीत. ती आईबापाला बघून जागच्या जागी थांबली.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

आमच्याकडे रविवारी संध्याकाळी नव्वद मैल चिखल तुडवत कुणी आलं की हाच प्रश्न पहिला येतो. व्हर्नाने तिला मिठी मारली, रक्तासकट. कधी नव्हे ते तिला हुंदका आवरेना. आर्विड पाठीमागून सगळं सांगत राहिला. पुंगळ्या, डेल्मरची भुवई, पिन, चार. त्याने स्वतःला वाचवलं नाही, हे मान्य करायला पाहिजे. तुझी आई एक्केचाळीस वर्षं थकलेल्या पुंगळ्या निवडत होती आणि मी माझा काटा मिरवत होतो, असं तो मुलीला सरळ म्हणाला. सोल्वेगने ऐकता ऐकता रायफल खांद्यावरून उतरवली, रिकामी केली आणि गाडीच्या टपावर आडवी ठेवली.

व्हर्नाने काडतुसं मागितली. सोल्वेगने खिशातून आणि पिशवीतून काढून दिली. व्हर्नाने ती आपल्या कोटाच्या घोळात घेतली, आणि घोळ तिला फार हलका वाटला. तिने मोजली. एकोणीस.

"एक वापरलीस. मग बाकीची वीस?"

 सोल्वेग ओढ्यापलीकडे, उतरत्या उन्हाने लाल झालेल्या घळीकडे बघत होती.

"शेजारच्या तळावर एक माणूस आहे, गॅरिक का काही नाव. पश्चिमेकडून आलाय. आजोबांच्यासारखीच रायफल. काडतुसांचा डबा घरीच विसरला होता बिचारा. नको म्हणत होता, आई. दुसऱ्याने भरलेलं मी वापरत नाही म्हणाला. मीच गळी पडले. म्हटलं, माझ्या आईने कापलीत, एक्केचाळीस वर्षांत एक फुटलेलं नाही. डोळे मिटून वापर."

"कुठाय तो?" व्हर्नाने विचारलं.

सोल्वेगने घळीकडे बोट दाखवलं. तासभरापूर्वीच तो वर गेला होता. संध्याकाळी सांबरं पाण्याला उतरतात, त्या वाटेवर बसणार होता. आर्विडने गाडीचा हॉर्न तीनदा वाजवला. मग पुन्हा तीनदा. हॉर्न वाजला म्हणून शिकारी कधी उठत नाही, उलट कोण गाढव सांबरं पळवतंय म्हणून शिव्या देतो. व्हर्नाने घोळातली काडतुसं चिखलात ओतली आणि ती ओढ्याकडे निघाली. सोल्वेग तिच्या पुढे धावली.

दोघी ओढ्याच्या पाण्यात असतानाच घळीतून बार आला.

एकच. मोठा, कोरडा, दोन्ही कड्यांवर आपटून खाली आला. मागे काठावर आर्विड उभा होता. त्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "एक बार, मांस. दोन बार, बघू." ही आमच्याकडची जुनी म्हण. शिकारीला गेलेल्याचा एकच बार ऐकू आला की घरची बाई चूल पेटवते, दोन आले की थांबते. व्हर्नाने जन्मभर एकाच बारासाठी कान लावले होते, आधी सासऱ्यांच्या, मग नवऱ्याच्या, मग मुलीच्या. आता गुडघाभर गार पाण्यात उभी राहून ती देवाकडे दुसरा बार मागत होती. त्या माणसाचा नेम चुकलेला असू दे. पुढच्या काडतुसासाठी त्याने रायफलीचा बोल्ट मागे ओढलेला असू दे. त्याला दुसरा बार काढता येऊ दे.

सोल्वेगही थांबली होती. दोघी एकमेकींकडे न बघता ऐकत होत्या. पाण्याचा आवाज तेवढा येत होता. मग सांबरांचा एक कळप घळीच्या तोंडातून फुटला आणि उतारावरून पळत गेला. सगळी धावत होती, कुठलंही लंगडत नव्हतं. नेम चुकलेला शिकारी अशा वेळी दुसरा बार काढतोच, पण त्यांच्यामागे बराच वेळ दुसरा बार आला नाही.

व्हर्ना पाण्यातून बाहेर पडली आणि वर चढायला लागली.